पांढरं पडलं की शिजलं

सकाळच्या पहिल्या दोन तासांत थोरल्या सुनेच्या टेबलावर चाळीस मासे आले. पोटाच्या पट्ट्या ऐंशी, त्यांत जंत एकशे बारा. पाठीच्या ऐंशी तुकड्यांत मिळून पाच.

मासळी कारखान्यातलं तिचं टेबल काचेचं होतं, काचेखाली दिवा. उजेडावर मांस दुधी दिसे आणि त्यात घड्याळाच्या स्प्रिंगसारखी वेटोळी. ती चिमट्याने उचलायची. मासा मेल्यावर आतडी वेळेत काढली नाहीत, तर आतड्यांतले जंत पोटाच्या मांसात शिरतात. म्हणून कारखान्याचा नियम एकच: पोटपट्टी कापून फेका. गिऱ्हाईक नाहीतर अख्खा माल परत पाठवतं.

घराचाही नियम होता. सासरे आणि दोन्ही मुलगे बोटीवर. त्यांच्या वाट्याची मासळी दीड दिवस आतड्यांसकट बर्फात पडून घरी यायची. पाठीचे तुकडे तळून पुरुषांना, मग गॅस बंद. बायकांच्या घासासाठी पुन्हा पेटवायचा नाही. पोटपट्ट्यांना मीठ आणि व्हिनेगर चोळायचं, दोन तासांनी बायकांनी खायच्या. "पांढरं पडलं की शिजलं," असं सासूबाई म्हणायच्या.

थोरलीला सगळं ठाऊक होतं. भांडण नको म्हणून ती गप्प राहिली. "मला भूक नाही गं," म्हणत पट्ट्यांची आपली वाटी ती तीन महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेल्या धाकट्या जावेपुढे सरकवायची. धाकटीला वाटायचं, जाऊबाई किती मायेच्या!

त्या दुपारी थोरली कामावरून आली तेव्हा धाकटी स्वयंपाकघरात गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. बाजूला ओकारी.

"भांड्यांचा ढीग दिसला की हिचं पोट दुखतं," सासूबाई म्हणाल्या. "सोंगं नुसती!"

"ताई, आत कुणीतरी चावतंय," धाकटी पुटपुटली.

थोरलीने रिक्षा बोलावली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी घशातून नळी घातली आणि जठराच्या भिंतीत तोंड खुपसलेला एक जिवंत जंत ओढून काढला. लांबी बावीस मिलिमीटर.

"कच्चा मासा खाल्ला?"

"नाही हो, व्हिनेगरमध्ये शिजवलेला," धाकटी म्हणाली.

"व्हिनेगरने फक्त रंग बदलतो. जंत मरायला आच लागते."

संध्याकाळी घरी सासूबाई दारातच कडाडल्या, "माहेराहून आणला असेल पोटात! तीस वर्षं मी तेच खातेय, मला काय धाड भरली?" बोलताना त्यांचा डावा हात पोटावर होता. तो नेहमीच तिथे असायचा.

"आई, उद्यापासून पट्ट्या शिजवू," थोरली म्हणाली.

"बायकांसाठी दुसऱ्यांदा गॅस? महाराणीच तुम्ही!"

"मग एकदाच पेटवू. आधी पट्ट्या शिजवू."

"पुरुषांच्या आधी? लाज विकून खाल्लीस का?"

सासरे बाहेरच्या खोलीतून ओरडले, "बायकांनी बायकांचं मिटवा. मला वेळेवर ताट पाहिजे."

रात्रभर धाकटी कूस बदलत होती. आपली वाटी तिच्यापुढे का सरकवायची, ते थोरलीने तिला खरं सांगितलं. धाकटी भिंतीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, मुलगे बोटीवर असताना, सासऱ्यांचं ताट वेळेवर आलं. फक्त ते काचेचं होतं. त्यात मीठ-व्हिनेगरच्या सहा पोटपट्ट्या, पांढऱ्याशुभ्र. पाठीचे तळलेले तुकडे आत धाकटीपुढे आणि सासूबाईंपुढे वाढलेले होते.

"हे काय?" सासऱ्यांनी विचारलं.

"घरातलंच जेवण, बाबा. आधी नीट बघून घ्या." थोरलीने ताट उचलून खाली बॅटरी धरली.

मांस उजळलं. दुसऱ्या पट्टीतलं वेटोळं सावकाश सुटलं आणि पुन्हा वळलं.

सासरे पाटावरून उठलेच. "शी! हे माणसाचं खाणं आहे?"

"आई तीस वर्षं खातायत."

"मी बोटीवर राबतो आणि तू मला किडे वाढतेस?"

"पांढरं पडलंय ना, बाबा? म्हणजे शिजलंय."

दारात सासूबाई उभ्या होत्या. त्या थोरलीला काही बोलल्या नाहीत. नवऱ्याकडे बघत म्हणाल्या, "खा की. मला काय झालंय?"

वाढलेल्या पट्ट्या सहा. ताटात परत आलेल्या सहा.