समुद्रापुढं उभी राहा

साहेबरावांच्या नजरेत आता बांगडीएवढंच जग उरलं होतं. कडेचा अंधार वर्षानुवर्षं आत सरकत आला होता. दिवस कलला की ती बांगडीही विझे. हा उजेड आता फार टिकणार नाही, असं संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर बसून त्यांनी बायकोजवळ एकच मागणं मागितलं.

"सत्यशीले, आपण समुद्र पाह्यलाच न्हाई. त्याच्यापुढं एकदा तुला बघू दे. मंग जाऊ दे काय जायचं ते."

म्हणूनच अंबडच्या त्यांच्या गल्लीनं मुंबई-गोवा जहाजाची सहल ठरवली, तेव्हा सत्यशीलाबाईंनी सर्वांच्या आधी नाव दिलं. गल्लीची एक जुनी रीत मात्र त्यांच्या ध्यानात राहिली नाही. दर पौर्णिमेला बुद्धविहारात आल्या की बाया आपापली पोरं सत्यशीलाबाईंच्या, म्हणजे निवृत्त मास्तरीणबाईंच्या पुढ्यात बसवत आणि निर्धास्त होत. कुणी विचारत नसे, बाई कधी नाही म्हणत नसत. ती रीत आता गल्लीसोबत जहाजावर चढली होती.

आया नाचगाण्याच्या दालनात, बाप पत्त्यांवर, आणि पोरं मोकाट. त्यांनी लिफ्टची सगळी बटणं दाबली, पोहण्याच्या तळ्यात पापड बुडवले, परक्या खोल्यांची दारं वाजवून पळ काढला. कुणी एक पुणेरी गृहस्थ ओला पेपर झटकत सत्यशीलाबाईंवरच खेकसले, "आजी, आवरा ही पिलावळ! आम्ही काय तुमची जत्रा बघायला पैसे भरलेत?" बाईंनी माफी मागितली. पहिली संध्याकाळ अशा माफ्या मागण्यातच बुडाली.

आज दुसरी, आणि शेवटची. उद्या उजाडण्याआधी मुंबई.

ऊन तिरपं होताच त्यांनी साहेबरावांना हाताला धरून वरच्या मजल्यावर आणलं, कठड्यापासून चार हात अलीकडं उभं केलं. त्या खास या घडीसाठी आणलेली पिवळी साडी नेसल्या होत्या.

"इथून दिसते का मी?"

"सावकाश. आधी पाणी सापडू दे." ते मान इंचाइंचानं फिरवत होते, जणू सुईत दोरा ओवावा. "हां, पाणी हाय. केवढं हाय गं! आता ये तू. जरा डावीकडं..."

"बाई!" जिन्यावरून गल्लीतल्या नंदाबाईची सून, शीतल, धापा टाकत आली. "आमचा बबलू कुठंय?"

"माझ्याकडं न्हाई, शीतल."

"असं कसं? तुमी हायेत म्हणून तर आमी निवांत व्हतो! बाई, चहूकडं पाणी हाय हो..."

सत्यशीलाबाईंनी सूर्याकडं पाहिलं. तो पाण्यापासून वीतभर वर होता.

"जा," साहेबराव म्हणाले. "पोरगं हाय. मी उभा हाय हितंच. जल्दी ये."

त्या धावल्या. जेवणघर, तळं, बंद नाट्यगृह, एकसारख्या दारांचे एकसारखे बोळ. प्रत्येक गोल खिडकीतून उजेड थोडा थोडा तांबूस होत गेला, आणि त्यांना तो आपल्याच पदरातून सांडतोय असं वाटलं. बबलूचं नाव घेता घेता, आपण त्याला शोधतोय की शिव्याशाप देतोय, हे त्यांचं त्यांनाच उमजेना. शेवटी टॉवेलांच्या ढिगामागं तो सापडला. लपाछपीत गडी विसरून गेले, आणि हा तिथंच झोपी गेलेला. त्यांनी त्याला असं खस्सकन कडेवर उचललं की तो दचकून रडू लागला.

शीतलनं लेकाला छातीशी धरलं. "बराबर हाय ना रं? बाई असल्यावर काय व्हतंय!" म्हणत ती गाण्यांकडं परतली.

बाई वर पोचल्या, तेव्हा पाणी राखाडी झालं होतं. दिवे अजून लागले नव्हते. धावत्या पोरांचे धक्के खाऊन साहेबराव जागचे ढळले होते. समुद्राकडं पाठ, तोंड एका पांढऱ्या लोखंडी भिंतीकडं. आणि मान अजूनही इंचाइंचानं फिरत होती.

"आली का? सापडलं पोरगं?"

"सापडलं."

"दिवस हाय ना आजून? जरा अंधारून आल्यागत वाटतंय."

 सत्यशीलाबाई पुढं झाल्या, भिंतीला पाठ लावून त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि विस्कटलेला पदर नीट केला.

"हाय. ढग आलंय नुसतं. बघा."

ते बराच वेळ बघत राहिले, बाईंच्या खांद्याच्या वीतभर बाजूला.

"दिसली," ते म्हणाले. "निळी साडी ना?"

"हो," बाई म्हणाल्या.