खाली बसलेली मोठी माणसं

आमच्या मारवाडी घरात सून सासऱ्यांशी बोलत नाही. भांडण असतं म्हणून नव्हे, रीतच तशी. मी जळगावच्या कॉलेजात बी.ए. झाले, वक्तृत्वाची ढाल जिंकली, आणि नरडाण्याजवळच्या या गावात आले ती हातभर घुंगट ओढून. सासऱ्यांना, म्हणजे हीरालालजींना, काही विचारायचं तर मध्ये मूल लागतं. माझी कुमुद बोलू लागली आणि माझी सोय झाली. सासरे समोर पाटावर बसलेले असतात, मी दाराआड उभी असते. "कुमुद, दादाजींना विचार, वाढू का?" त्यांना सगळं ऐकू आलेलं असतं. तरी कुमुद विचारते, आणि मगच ते तिला म्हणतात, "आईला सांग, वाढ."

पाहुण्यांना याचं हसू येतं. आम्हाला येत नाही. कुमुदला तर हे दात घासण्याइतकं अंगवळणी पडलेलं.

ती शाळेत जाऊ लागली तेव्हापासून माझं मन घरात ठरेना. शाळेच्या आवारात एक कडुनिंब आहे आणि निंबाच्या बुडाशी विहीर. तिला कठडा नव्हता. जमिनीच्या पातळीत सरळ तोंड, काठाला गवत, आत पारव्यांची घरटी. मुलं तिथेच लगोरी खेळायची. उन्हाळ्यात सुपडू धनगराची शेळी आत पडली, ती मेलेलीच वर आली. मधल्या सुट्टीची घंटा झाली की मी माडीच्या खिडकीशी जायची. तिथून शाळा दिसते, विहीर दिसत नाही. निंब दिसतो. मी निंबाकडे बघत उभी राहायची.

"बीनणी, पोळी करपली," सासूबाई जतनबाई, आमच्या बाईजी, खालून ओरडायच्या. "कॉलेजात जाऊन काय शिकली, तर भ्यायला!"

कठड्याचे पैसे जिल्हा परिषदेतून मंजूर झाले होते. सिमेंट त्या काळी परमिटवर मिळायचं, ते आमच्याच दुकानातून उचललं गेलं. मी खिडकीतूनच पाहिलं. पोती भरलेली गाडी शाळेच्या वळणावर आली आणि शाळेकडे न वळता सरळ गेली, सरपंच भाईदास नानांच्या दारात. त्यांच्या नव्या घराचा ओटा असा गुळगुळीत झाला की पावसाळ्यात माणसं त्यावरून घसरायची. संध्याकाळी अर्धा गाव त्याच ओट्यावर बसून तंबाखू मळायचा. लपवलेली चोरी असती तर कुणी शोधून काढली असती. ही गावाच्या तोंडासमोर थापीने घोटून, पाणी मारून पक्की केलेली होती.

मी विचारलं नाही असं नाही.

"कुमुद, दादाजींना विचार, शाळेच्या कठड्याचं सिमेंट आपल्या दुकानातून गेलं, ते शाळेत पोचलं का?"

कुमुदने विचारलं. सासऱ्यांचा घास हातात थांबला.

"आईला सांग, दुकान मी बघतो. तिने चूल बघावी."

रात्री यांना म्हटलं. हे, म्हणजे कांतीलाल, स्वभावाने वाईट नाहीत, पण वडिलांच्या सावलीबाहेर उभं राहायची सवय नाही.

"रेशनचं दुकान भाईदास नानांच्या शिफारशीवर आहे, माहीत आहे ना? आणि गावात आई काय तू एकटीच आहेस?"

मुख्याध्यापक पितांबर गुरुजींकडेही गेले. ते म्हणाले, "बाई, विहिरीकडे जाऊ नका असं रोज प्रार्थनेनंतर सांगतो मी पोरांना." जसं काही विहीर पोरांना सांगून ऐकणारी होती.

पौषात बातमी आली की जिल्ह्याहून साहेब येणार. कशाला? तर "विहिरीचा कठडा व रहाट" या पूर्ण झालेल्या कामाची कोनशिला उघडायला. शाळेच्या भिंतीत पांढरा दगड बसवून झालाही होता, वर लाल फडकं. साहेबांचं जेवण आमच्याकडे. तीन दिवस आधीपासून मी बेसनाचे लाडू वळत होते, आणि प्रत्येक लाडवाला मनात एक शिवी देत होते. कुमुद स्वागतगीतात होती. तिला नवा झगा शिवला. ती घरभर गाणं म्हणत फिरायची आणि मला वाटायचं, कठडा नाही तर ही माणसं दाखवणार काय साहेबाला? विहीर तरी ते एकदा बघतील. एवढ्याच आशेवर मी बाईजींबरोबर कार्यक्रमाला गेले.

मंडप घातल्यावर ओळखीची जागाही परकी होते. केळीचे खुंट, पताका, कनाती. आम्हा बायकांना शाळेच्या मागच्या फाटकातून आणून एका बाजूला बसवलं. समोर उंच स्टेज, त्यावर सतरंजी, पुढे जमिनीपर्यंत सोडलेला पडदा. स्टेजवर चार खुर्च्या. एकीवर साहेब, एकीवर त्यांच्याबरोबर आलेले ओव्हरसियर. दोन रिकाम्या. मागे ओळीने स्वागतगीताच्या मुली.

साहेबांनी हार घालून घेता घेता विचारलं, "विहीर कुठे आहे हो सरपंच?"

"मागल्या अंगाले शे साहेब. जेवण झालं का दाखवतो निवांत."

जेवणानंतर जीप सुटते हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. साहेबांनाही असावं. त्यांनी मान डोलावली.

"या ना, वर बसा," ते रिकाम्या खुर्चीकडे हात करून म्हणाले.

"नाही नाही साहेब," भाईदास नानांनी हात जोडले. "आम्ही आपले खालीच बरे. जनतेचे सेवक."

आणि ते पहिल्या रांगेत जाजमावर मांडी घालून बसले. त्यांच्या शेजारी माझे सासरे. शेजारी सोसायटीचे चेअरमन बन्सीलाल. सगळे खाली.

माझ्या शेजारी बेबाबाई होती. तिची मुलगीही वर गाण्यात. ती माझ्या कानाशी लागली, "आज भाईदास नानाले काय व्हयनं वं माय? लगीनमां खुर्ची नही भेटनी ते जेवाले बठस नही, अन् आज भुईवर बठेल शे!"

मी हसले. आणि हसता हसता थांबले.

खरंच की. गेल्या लग्नसराईत पुढची खुर्ची दिली नाही म्हणून याच माणसाने व्याह्याच्या दारातून गाडी माघारी फिरवली होती. सासऱ्यांचं तेच. साहेबाच्या शेजारी बसायला मिळावं म्हणून लोक काय काय करतात, आणि इथे दोन खुर्च्या रिकाम्या. गुरुजींची पेटीसुद्धा खाली, जमिनीवर. मुली वर आणि पेटी खाली, हे कुठे असतं?

मी वर पाहिलं. मंडपाच्या कापडाच्या फटीतून निंबाची फांदी आत आली होती. बरोबर स्टेजच्या वर.

तेवढ्यात गाणं सुरू झालं, पायांनी ठेका धरला गेला, आणि स्टेजच्या पडद्याखालून एक पारवा फडफड करत बाहेर पडला. मग दुसरा. लोक हसले. आत आणखी कितीतरी पंख आपटत होते. तो आवाज जमिनीवरच्या पोकळीचा नव्हता. तो खोलातून येत होता.

विहीर मागल्या अंगाला नव्हती. विहिरीवर आडवी लाकडं टाकली होती, त्यावर फळ्या, त्यावर सतरंजी, आणि त्यावर माझी मुलगी ठेका धरून उड्या मारत होती.

मी वाकून, बायकांच्या मधून वाट काढत गुरुजींपाशी गेले. "मुलींना खाली उतरवा."

त्यांनी भात्यावरचा हात थांबवला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. "बाई, मजबूत आहे. काल चार गडी उभे करून पाहिलंय."

"मग तुमची पेटी खाली का?"

"माझी बदली कराल तुम्ही. बसा जाऊन."

सासऱ्यांनी मला पाहिलं होतं. त्यांची नजर सांगत होती, बस. बाईजींनी पदर ओढला. मला ओरडता आलं असतं. पण ओरडले असते तर गर्दी उठली असती, मुली घाबरून एका बाजूला धावल्या असत्या. मी जिथे होते तिथेच, गाणं संपेपर्यंत उभी राहिले. मुली नमस्कार करून थांबल्या. टाळ्या झाल्या. टाळ्या विरल्यावर मी घुंगट तसाच ठेवून, घरात बोलते त्याच आवाजात म्हणाले,

"कुमुद, जागची हलू नकोस. दादाजींना विचार, स्टेजच्या खाली काय आहे?"

सगळा मंडप माझ्याकडे वळला. कुमुदला त्यात काहीच नवल वाटलं नाही. रोजचंच काम. गाण्याच्या खणखणीत आवाजात तिने विचारलं, "दादाजी, आई विचारते, स्टेजच्या खाली काय आहे?"

सासऱ्यांची मान ताठ झाली. नातीला उत्तर न देणं त्यांना जमलं नाही. "आईला सांग, घरी बोलू."

"आई, दादाजी म्हणतात, घरी बोलू."

बायकांत खसखस पिकली. साहेब पुढे झुकले. "काय प्रकार आहे?"

"काही नाही साहेब," भाईदास नाना हसत म्हणाले. "पोरीची माय जरा कॉलेज शिकेल शे."

आता पुरुषही हसले. साहेबही हसले. मला ते हसू आजही आठवतं, आणि एकाही हसणाऱ्याला मी माफ केलेलं नाही.

"कुमुद, दादाजींना सांग, बरं, घरी बोलू. पण तोवर त्यांनी वर यावं आणि तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसावं. भाईदास नानांनाही घेऊन यावं."

कुमुदने तिच्या परीने छोटं करून सांगितलं. "दादाजी, वर या ना. खुर्ची रिकामी आहे."

कुणी हसलं नाही. सासरे नातीकडे बघत होते. तिने हात पुढे केला होता. त्यांचा एक गुडघा उचलला गेला, खरंच उचलला गेला, आणि पुन्हा जाजमावर टेकला.

"हो, या की," साहेब म्हणाले. "मघापासून म्हणतोय मी. सरपंच?"

सरपंच जागचे हलले नाहीत. बन्सीलाल दुसरीकडे बघू लागले. साहेबांनी एकेकाचा चेहरा पाहिला. मग बुटाच्या टोकाने सतरंजीची कड उचलली. दोन फळ्यांमधल्या फटीतून त्यांनी खाली पाहिलं.

एवढा जाड माणूस इतक्या चपळाईने उडी मारेल असं वाटलं नव्हतं. त्यांच्या मागोमाग ओव्हरसियर. फळ्या कचकचल्या, मधोमध खाली दबल्या, खुर्ची कलंडली. मुली वरच राहिल्या. त्यांना हात द्यायला साहेब मागे वळलेसुद्धा नाहीत.

"कुणी पळू नका," मी ओरडले. आता घुंगट कुठे होता मला माहीत नाही. "एकेक. कडेकडेने. बेबाबाईंची मनू आधी."

बेबाबाईने पोर झेलली, मग दुसरी, मग तिसरी. कुमुद मधोमध होती, म्हणून सगळ्यांत शेवटी. माझ्या हातात आली तेव्हा तिने विचारलं, "आई, मी नीट सांगितलं ना?"

पलीकडे साहेब ओरडत होते. "मला मारायला बसवलं होतं का रे? मी, मी बसलो होतो त्याच्यावर!" मुलींचं नाव त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नाही. जेवले नाहीत. कोनशिला तशीच राहिली. वरचं लाल फडकं पुढे वाऱ्यानेच गेलं.

वर्षानुवर्षं पोरांच्या जिवासाठी जे झालं नाही, ते साहेबाच्या जिवासाठी महिना उलटायच्या आत झालं. सिमेंट आलं. या वेळी गाडी शाळेकडे वळली. मी खिडकीत होते. कठडा चांगला छातीइतका बांधला. भाईदास नाना सरपंच राहिलेच, ओटाही राहिला. चौकशी कुणी लावली नाही, कारण चौकशीत साहेबांनी न बघता सही करायची तयारी केली होती हेही निघालं असतं. रेशनचं दुकान मात्र आमच्याकडून गेलं. बाईजी म्हणतात, बीनणीने खाल्लं.

सासरे त्यानंतर माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. बाईजी देतात. पण कठडा पुरा झाला त्या दिवशी त्यांनी जेवताना कुमुदला जवळ बोलावलं. मी दाराआड होते.

"आईला विचार," ते मोठ्याने म्हणाले, "झालं का तिचं समाधान?"

कुमुद वळली. मी थांबायला सांगितलं नाही, विचारही केला नाही.

"दादाजींना सांग, तुझ्या वर्गाच्या छपराचे पैसे आले आहेत असं गुरुजी म्हणत होते. पत्रे कुणाच्या घरावर चढायच्या आधी शाळेवर चढतील का, तेवढं विचार."

कुमुदने सगळं विचारलं, एक शब्दही न गाळता. सासरे बराच वेळ भात कालवत राहिले.

"आईला सांग," शेवटी ते म्हणाले, "विचारतो."