ढळलेली नजर

उपग्रहावरून ओझोन मोजणाऱ्या त्या खोलीत बाईंपुढे चकार शब्द काढायची कुणाची टाप नव्हती. पण एक शिरस्ता बाईंनीच घालून दिला होता: निष्कर्ष बाहेर जाण्याआधी कुणीतरी विरोधी वकील व्हायचं आणि त्याच्या चिंध्या करायच्या. यंदा चिंध्या करून घ्यायची पाळी खुद्द बाईंच्या निष्कर्षाची होती. पार वर, पन्नास किलोमीटरवर, विरळ झालेला ओझोन पुन्हा भरून येतोय, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. निवृत्तीआधी परिषदेत ते सांगायचं, एवढीच इच्छा उरलेली. वकील म्हणून त्यांनी आपली सगळ्यांत अबोल विद्यार्थिनी निवडली. तिला सगळे मौनीच म्हणत. बाई सुटल्या अलगद, असंच जो तो धरून चालला.

मौनीने आलेख लावला. वरच्या थरात ओझोन वाढलेला, खालच्या थरात घटलेला, आणि मधे, जिथे तो सगळ्यांत दाट, तिथे काहीच फरक नाही. "बाई, हा ओझोन नाही बदललेला..." एवढं बोलली आणि तिची वाचाच बसली.

बाईंनी ते वाक्य मनातच पुरं केलं: बदललीय ती उपग्रहाची नजर. उपग्रह पृथ्वीच्या काठावरच्या हवेकडे आडवं बघतो. त्याची नजर वर्षागणिक जराजरा खाली झुकत गेली, तर पन्नास किलोमीटर समजून तो त्याखालची दाट ओझोनची हवा मोजणार, आणि दाट थराच्या खाली बघताना मात्र आणखी खालची, विरळ ओझोनची. वर खोटी वाढ, खाली खोटी घट. इतकं साधं! पण वरच्या वाढीच्या आनंदात बाईंनी खालची घट कधी शेजारी ठेवून पाहिलीच नव्हती.

सगळे बाईंच्या तोंडाकडे बघू लागले.

"थांबलीस का?" बाई म्हणाल्या. "वकीलपत्र असं अर्धवट सोडतात? नजर किती ढळली ते सांग."

पोरीने तेही काढलं होतं, मावळत्या सूर्यावरून उंची अचूक ओळखणाऱ्या दुसऱ्या उपग्रहाशी ताडून. ती चूक वजा केल्यावर वाढ निम्मीच उरली. पण उरली ती बावनकशी. बाईंना वाईट वाटलं, नाही कशाला म्हणा? पण त्याहून जास्त त्यांचा ऊर भरून आला.

परिषदेत त्यांनी आपली वेळ मौनीला दिली आणि स्वतः मागच्या रांगेत जाऊन बसल्या. मौनी अशी काही बोलली, की सभागृह कान देऊन ऐकत राहिलं. शेजारचे प्राध्यापक कुजबुजले, "कोण हो ही पोरगी? त्या बाईंची पार बिनपाण्याने केली हिने."

"त्या बाई मीच," बाई म्हणाल्या. "आणि तिला हे शिकवलंय, तेही मीच."