शेवटचं प्रकरण राहिलंय

मी एक कादंबरी बोलतेय. मुलांसाठी लिहिलेली, चेटकिणीची, अंगावर काटा आणणारी. माझं मुखपृष्ठ केव्हाच गेलं आणि जिथे मी राहते तिथे मला कुणी नावानं हाकही मारत नाही. 'ती पोथी' म्हणतात. आधी या शब्दाचा मला फार राग यायचा. पोथी म्हणजे काय, मी काय एकादशीला वाचायची आहे? आता रागवायचं बळ उरलेलं नाही.

माझा जन्म पुण्यातल्या एका बोळातल्या छापखान्यात झाला, १९९४ साली. माझ्या लेखिकाबाई निवृत्त शिक्षिका होत्या. मुद्रितं तपासायला स्वतः येऊन बसायच्या आणि चुका सापडल्या की कंपोझिटरला शाळेतल्या मुलासारखं उभं करायच्या. छापखान्याचे मालक एकदा त्यांना म्हणाले, "बाई, चेटकीण नसतेच हे पहिल्या प्रकरणातच सांगून टाका की. मुलं घाबरतील."

"घाबरू देत," बाई म्हणाल्या. "न घाबरता मिळालेलं शहाणपण दुसऱ्या दिवशी विसरायला होतं. मुलांना चांगलं चकवायचं, पण त्यांच्याशी लबाडी करायची नाही. शेवटी जे कळेल ते आधीच त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलेलं पाहिजे. वाचणाऱ्यानं कपाळावर हात मारून म्हणावं, अरे, हे तर मला दिसलं होतं!"

तशीच मी झाले. माझ्यात मंजुळा नावाची चौदा वर्षांची मुलगी आहे. तिच्या गावातली पोरं एकामागून एक आजारी पडतात आणि गावाबाहेर एकटी राहणाऱ्या कडूआईवर सगळ्यांचा संशय जातो. कडूआई मुळ्या उकळते, आपल्याशीच बोलते, आणि ती ज्या अंगणात टेकते तिथलं वासरू मरतं. सतराव्या प्रकरणाच्या शेवटी मंजुळा तिच्या वळचणीत हात घालते, तर हातात केसांचं बुचकं येतं. मग येतं अठरावं प्रकरण, शेवटचं. तिथे सगळं उलटं होतं. माझ्या पहिल्याच पानावर बाईंनी छापून घेतलं होतं: 'शेवट आधी वाचू नये. वाचलाच, तर कुणाला सांगू नये.' या ओळीचा मला केवढा अभिमान होता!

मला विकत घेतलं ते प्रबुद्ध गुरुजींनी. ते मूळचे पेठ गावचे; मढ गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीतल्या शाळेवर शिकवायचे. खोलीत त्यांनी पत्र्याची पेटी ठेवली होती, तेच वाडीचं वाचनालय. तिथे माझे हाल सांगू नयेत असे झाले. कुणी थुंकी लावून पानं उलटली, कुणी करवंदांचा चीक लावला, कुणी चित्रातल्या कडूआईला मिशा काढल्या. पण खरं सांगते, मला ते आवडायचं. पेटीत पडून राहण्यापेक्षा मिशा बऱ्या. शेवटापर्यंत मात्र एकही पोर पोचलं नव्हतं.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात सुट्टी लागली, तेव्हा गावी जाता जाता गुरुजींनी मला वैजयंतीच्या हातात दिलं. सावळेरामांची ही मुलगी ओतूरला नववीत शिकत होती. गुरुजी हसून म्हणाले, "शेवट बघायचा नाही हं आधी." तिनं गळ्याला चिमटा घेऊन शप्पथ घेतली.

त्या दिवसांत वाडीत पडकई चालू होती. डोंगराच्या उतारावर दगडी बांध रचून भाताची खाचरं करायची, पावसाच्या आत. आज तुझ्या रानात सगळी वाडी, उद्या माझ्या रानात. मजुरीचं नाव नाही. ज्याचं काम, त्यानं जेवण घालायचं. पुरुष पहारीनं दगड काढायचे, बायका पाट्या वाहायच्या. दुपारी जांभळाखाली भाकरी खाऊन झाली की वैजयंती मला उघडायची.

काय वाचायची पोरगी! कडूआईचा आवाज काढला की बायका पदर तोंडात धरायच्या. चौथ्या प्रकरणात एक बोहारीण 'केसांवर भांडीऽऽ' ओरडत गावातून जाते, तिथे तर सगळ्या खदखदून हसल्या. लंकाबाई म्हणाली, "अगं, आपलीच की ही! माझ्याकडनं सालभराचं केस घेतलं आन् येक चाळण दिली मेलीनं!" विंचरून निघालेले केस वळचणीला नाहीतर भिंतीच्या भोकात जपून ठेवायचे आणि बोहारीण आली की त्यावर डबा-चाळण घ्यायची, ही घरोघरची रीत. बाईंनी खूण इतक्या उघड्यावर ठेवली होती. हसणं झालं आणि सगळ्या ती विसरल्या. मी मनात म्हटलं, हसा, शेवटी बघू तुमची गंमत.

ऐकायला बायडाबाईही यायच्या. वाडीच्या टोकाला, देवराईला लागून त्यांचं एकटीचं घर होतं. मूलबाळ नाही, नवरा जाऊन कितीतरी वर्षं झालेली. पोटात दुखलं, जनावर सुजलं की लोक त्यांच्याकडे मुळी मागायला जायचे. त्या सगळ्यांच्या मागे बसायच्या आणि वाचन संपलं की म्हणायच्या, "पोरी, त्या कडूआईला कुणी भाकरी देतं का न्हाई गं? ते लिव्हलंय का?"

सतरावं प्रकरण ज्या दुपारी वाचलं, त्या दिवशी वैजयंतीनं केसांच्या बुचक्यापाशी मला पटकन मिटलं. "आता उद्या!" बायका कळवळल्या. "वैजे, आसं नगं करू गं, झोप लागायची न्हाई!" असं कुणी म्हणालं की माझ्यासारखीला स्वर्ग दोन बोटं उरतो. मी तृप्त होऊन तिच्या पिशवीत पडले.

तो 'उद्या' आलाच नाही. वाडीतल्या दादाभाऊ आणि द्रौपदा या नवरा-बायकोचा धाकटा मुलगा काविळीनं आजारी होता. तो सकाळीच गेला.

पाच वर्षांचं पोर. द्रौपदाच्या रडण्यानं वाडी हादरली. तेवढ्यात कुणीतरी बोललं, "बायडी परवा ह्यांच्या वसरीला टेकली व्हती." दुसरीनं म्हटलं, "मुळ्या उकळती. येकटीच बोलती." आणि मग त्यांनी जाऊन बायडाबाईंची वळचण चाचपली.

बुचकं निघालं. निघणारच होतं. तपासली असती तर त्या दिवशी वाडीच्या प्रत्येक भिंतीतून निघालं असतं!

"पुस्तकात छापलंय," लोक म्हणाले. "छापलेलं खोटं आसतंय व्हय?"

वैजयंती रडत सांगत होती, "आवो, शेवट राहिलाय! आजून येक प्रकरण हाये!" सावळेरामांनी तिला दंडाला धरून घरात ढकललं. "तुझ्या वाचण्यानंच कळलं, आता गप ऱ्हा." दादाभाऊंनी मला तिच्या हातातून घेतलं आणि भगताकडे नेलं. भगतानं मला हळदकुंकू वाहिलं आणि काळ्या दोऱ्यानं करकचून बांधलं. म्हणाला, "हिच्यात तिची करणी बांधलीय. दोरा सोडला तर सुटंल." दादाभाऊंच्या घरात वरच्या फळीवर मला ठेवलं.

वाचकहो, माझी अवस्था कशी सांगू? शेवट माझ्या पोटात होता. सोळा पानं. त्यात लिहिलं होतं की केस बोहारणीसाठी होते. त्यात लिहिलं होतं की आजारी पडलेली सगळी पोरं एकाच झिऱ्याचं पाणी प्यायची आणि त्या झिऱ्यात वरून गोठ्याचं पाणी झिरपत होतं. वाडीचा झिराही तसाच होता. वरच्या बाजूला म्हशी बसायच्या. एका माणसानं दोरा सोडून पान उलटलं असतं तरी पुरे होतं. मला हात नाहीत. तोंड आहे, पण ते दुसऱ्यानं उघडावं लागतं. मी फळीवरून खाली पडायचा प्रयत्न करत होते, इतकी मी वेडी झाले होते. वाऱ्यानं पडावं, उंदरानं दोरा कुरतडावा, काहीही व्हावं.

खालचं बोलणं मला ऐकू यायचं. पडकई पुन्हा सुरू झाली होती. बायडाबाईंची पाळी आली त्या दिवशी त्यांच्या रानात कुणी गेलं नाही. त्यांनी सगळ्या वाडीपुरत्या भाकरी थापल्या होत्या म्हणे. दुपारपर्यंत वाट पाहिली, मग एकट्याच दगड उचलायला लागल्या. गेल्या पावसात त्यांचा बांध फुटला होता; तो बांधला नाही तर भात लावता येणार नव्हतं, आणि त्या खाचराशिवाय त्यांना खायला दुसरं काही नव्हतं. नंतर ऐकलं, पोरांनी त्यांच्या कौलांवर दगड मारले. वैजयंती एकदा दारात आली. "द्रौपदाकाकी, तेवढं पुस्तक द्या. शेवट वाचते आन् लगेच परत देते." आतून दादाभाऊ ओरडले, "निघ हितनं!"

काही दिवसांनी, दादाभाऊ भगताकडे गेलेले असताना, भर दुपारी द्रौपदानं मला खाली काढलं. ती चौथीपर्यंत शिकलेली. कितीतरी वेळ मला मांडीवर घेऊन बसली. मग म्हणाली, "माझं पोर का गेलं ते तुला ठावं हाये ना? मग सांग. काय व्हायचं ते व्हऊ दे." आणि दातांनी तिनं दोरा तोडला.

एकेका अक्षरावर बोट ठेवून ती वाचत होती. जोडाक्षरापाशी अडायची, मागे जायची, पुन्हा यायची. इतकं हळू मला कुणी वाचलं नव्हतं. मी आतून ओरडत होते, पुढं चल, बाई, पुढं चल! झिऱ्याच्या पानावर तिचं बोट थांबलं. तिनं कोपऱ्यातल्या हंड्याकडे पाहिलं. मग पुन्हा वाचायला लागली. बोहारणीच्या ओळीपाशी आली आणि एकदम उठली. चुलीमागच्या भिंतीच्या भोकात तिनं हात घातला.

तिचंच बुचकं होतं. तिनं खरोखर कपाळावर हात मारून घेतला, बाईंनी म्हटलं होतं अगदी तसा. पण बाई, तुम्ही म्हणाला होता तो आनंद त्यात नव्हता.

एका हातात बुचकं आणि काखेत मी, अशी ती अनवाणी बायडाबाईंच्या घराकडे पळाली. दार उघडं होतं. चूल गार होती. अंगणात वळचणीतून ओढून काढलेलं त्यांच्या केसांचं बुचकं विस्कटून पडलं होतं. तशीच ती मढच्या रस्त्याला लागली. फाट्यावरच्या चहावाल्याला तिनं विचारलं, "भाऊ, येक म्हातारी दिसली का वो? येकटी?"

"सकाळी व्हती की. गाठोडं घेऊन. जीपवाल्यानं घाटाखाली नेली."

"घाटाखाली कुठं?"

"ते काय ठावं न्हाई, ताई. तिलाबी ठावं नसावं. कुठं जायाचं इचारलं तर काय बोलली न्हाई."

द्रौपदा रस्त्यातच बसली. मला छातीशी धरून ती पोराला रडली तशी रडली. आणि मी पूर्ण वाचली गेले होते, एकाच सकाळीनं उशिरा.

सुट्टी संपून गुरुजी आले. सगळं ऐकून त्यांनी डोकं धरलं. ते घाटाखाली मुरबाडपर्यंत विचारत फिरून आले, वैजयंतीचे वडीलही बरोबर गेले. दादाभाऊही गेले, मान खाली घालून. बायडाबाई सापडल्या नाहीत. झिरा मात्र वाडीनं उपसला आणि म्हशी खाली हलवल्या.

आता दहा-अकरा वर्षं झाली. गुरुजींनी मला परत मागितलं नाही. मी द्रौपदाकडेच असते. दर उन्हाळ्यात पडकई निघाली की ती मला घेऊन जाते आणि जांभळाखाली आधी शेवटचं प्रकरण वाचते. नवी पोरं कुरकुरतात, "काकी, सगळी मजाच गेली की!" ती म्हणते, "जाऊ दे मजा." त्यामुळे इतर पुस्तकांची पहिली पानं झिजतात, माझी शेवटची झिजलीत. शिवण सुटलीय. अठराव्या प्रकरणाची पानं आता एकेक करून निसटायला लागलीत, आणि याचीच मला रात्रंदिवस धास्ती वाटते.

लेखिकाबाई, मला माफ करू नका हवं तर. शेवट लपवायला तुम्ही मला जन्म दिलात. पण आता ज्याच्या हातात मी पडेन त्याच्या पाया पडून सांगते: बाबा रे, पहिल्या पानावरची ती ओळ मानू नकोस. आधी शेवट वाच. तो वाचायला जमणार नसेल, तर मला उघडूच नकोस.

आणि बायडाबाई, तुम्ही कुठे असाल तिथे कुणी वाचणारं असलं तर हे तुमच्या कानावर जावं. कडूआईला भाकरी मिळते का, असं तुम्ही विचारायचात. मिळते. अठराव्या प्रकरणात मंजुळा तिच्यासाठी भाकरी घेऊन जाते, शेवटच्या पानावर. आणि दर पडकईत सगळ्यांच्या आधी तुमचाच बांध रचतात. खाचर तयार आहे. त्यात अजून कुणी भात लावलेलं नाही.