सतरा दारांचा अहवाल

मी एक जुना अहवाल आहे. हसू नका, मित्रांनो! अहवाल म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर टाचलेले कागद येतात, पण मी तसा नाही. मी लाकडाचा आहे, माणसाच्या छातीला लागेन एवढा उंच आणि अंगावर सतरा छोटी दारं असलेला. सामोआच्या सवाई बेटावर, कोको पिकवणाऱ्या एका गावाच्या सभागृहात मी मागच्या खांबाला टेकून उभा असतो. भिंती इथे नाहीतच, त्यामुळे समुद्राचा वारा तेवढा सोबतीला असतो.

माझ्याआधी इथेही कागदाचाच अहवाल असे. गावातल्या सतरा घरांनी मिळून संस्था काढली होती. सगळ्यांच्या कोकोच्या बिया एकाच मांडवात वाळायच्या आणि पोत्यांत भरून ऑकलंडच्या व्यापाऱ्याकडे जायच्या. वालासी नावाची बाई संस्थेची चिटणीस. वर्षअखेरीला ती चटयांवर मांडी घालून बसलेल्या मंडळींना अहवाल वाचून दाखवी. आमच्याकडे सभेत कुणाचं बोलणं संपलं की ‘मालिए’ म्हणायची रीत आहे, म्हणजे छान बोललात. त्या वर्षी वालासीने वाचलं, "बुरशी लागल्यामुळे सोळा पोती परत आली." सगळे एका सुरात म्हणाले, "मालिए!" आणि जेवणाकडे वळले.

वालासी घरी आली ती धुसफुसतच.

"दादा, उद्या मी गाव बुडालं असं वाचलं ना, तरी हे लोक मालिए म्हणतील!"

तिचा भाऊ पेसेटा सुतार होता. तो म्हणाला, "मग वाचूच नकोस. त्यांच्या हातात दे. माणूस ऐकायला कंटाळतो गं, पण झाकण दिसलं की उघडल्याशिवाय राहत नाही."

भला माणूस पेसेटा! हात सोन्यासारखा, पण माणसांची पारख अगदीच कच्ची.

सभेत प्यायचं मानाचं पेय, कावा, वाढायचं मोठं भांडं ज्या कठीण लाकडाचं करतात, त्यातलीच उरलेली फळी घेऊन त्याने मला घडवलं. मांडवात जशा बियांच्या जागा, तशीच माझी दारं. वरच्या रांगेत मांडवाच्या डोंगराकडच्या बाजूला बिया वाळवणारी दहा घरं, खालच्या रांगेत समुद्राकडच्या बाजूची सात. दारावर घराचं नाव कोरलेलं. दार उघडलं की आत काचेमागे त्या घराच्या मूठभर बिया आणि खाली एक खोबण. खोबणीत, विकल्या गेलेल्या पोत्यांच्या पांढऱ्या खुंट्या, परत आलेल्यांच्या काळ्या. ज्याने त्याने त्या सरकवाव्या, शेजाऱ्याशी ताडून पाहाव्या, प्रश्न विचारावेत, अशी सगळी योजना.

वालासी बिया भरायला बसली. वरच्या दहा दारांत तपकिरी, खणखणीत बिया. खालच्या सातही दारांत हिरवट बुरशी.

"अगं, खालच्या सगळ्याच?" पेसेटाने विचारलं.

"सगळ्याच. मांडवाचं छप्पर समुद्राकडून वीतभर आखूड आहे, दादा. रात्री पावसाचे फवारे आत येतात. सकाळी वरून कोरडं दिसतं आणि खाली ओल तशीच."

"मग सांगून टाक मामांना!"

आता हे मामा म्हणजे गावचे प्रमुख, लेसा. ते छप्पर त्यांच्या मुलाने ऑकलंडहून पाठवलेलं. ते चढलं त्या दिवशी गावाने डुकरं भाजून जेवण केलं होतं.

"दोनदा विषय काढला," वालासी म्हणाली. "दोन्ही वेळा त्यांनी मला मुलाचा फोटो दाखवला. चारचौघांत तर मी बोलूच शकत नाही. दारं उघडतील तेव्हा त्यांचं त्यांना दिसेल."

मित्रांनो, तिला जे तोंडाने बोलवत नव्हतं ते तिने माझ्या पोटात ठेवलं. तेव्हा मला त्याचं ओझं वाटलं नाही. उलट मी फुशारलो.

सभेच्या दिवशी माझ्यावरचं कापड काढलं तेव्हा काय तो गलका! "अरे वा!", "काय काम केलंय पेसेटाने!" लेसांनी माझ्यावर लांबलचक भाषण केलं. हे मानाचं लाकूड, ही गावाची शोभा, असं बरंच काही. मग स्वतःच्या गळ्यातली फुलांची माळ काढून त्यांनी मला घातली.

"मामा, दारं उघडून बघा ना," वालासी म्हणाली. "उघडायलाच केलीयत."

"बघू गं, घाई काय आहे? असली वस्तू रोज होते का?"

झालं! प्रमुखांनी हात लावला नाही, मग त्यांच्याआधी दुसरा कोण लावणार? एक चिमुरडी धावत आली, तर आईने तिच्या हातावर चापट मारली. "हात नको लावूस! मानाचं आहे ते!"

आणि मग बुरशीचा विषय निघाला. लेसांनी विचारलं, "कुणाच्या बिया खराब होतात?" सहा घरांची माणसं चटईकडे बघत बसली. प्रत्येकाला वाटत होतं की आपल्याच बिया बिघडतात, आपलंच काहीतरी चुकतं. म्हातारा आपेलू मात्र सरळ बोलला.

"माझ्या होतात. रोज उलटतो, हलवतो, तरी बुरशी येतेच. काय करू ते कळत नाही."

"उलटतो म्हणे!" त्याचा शेजारी तोमासी हसला. "बायको गेल्यापासून नुसता खांबाला टेकून बसलेला असतो. याला वगळा, पोती परत यायची थांबतील."

दोनचार जण हसले. आपेलूही कसंनुसं हसला. संस्थेतून त्याचं नाव काढायचं ठरलं. वालासी "मामा..." म्हणाली आणि मामांनी वळून पाहताच गप्प बसली.

मी तीन पावलांवर होतो हो! तोमासीचं दार आपेलूच्या दाराला लागूनच आहे. एका बोटाचं काम होतं. एवढी माणसं, एवढी बोटं, आणि माझ्यापर्यंत एक पोचलं नाही. त्या दिवसाइतका एकटा मी आधी कधी नव्हतो.

पुढे माझ्यावर जाळीदार पांढरा पडदा आला. शनिवारी बायका माझी धूळ पुसत, फुलं बदलत. राजधानीहून, आपियाहून, एक अधिकारी आले. ‘वाचकाला सहभागी करून घेणारा आदर्श अहवाल’ असं त्यांनी वहीत लिहिलं, माझ्याशेजारी फोटो काढून घेतला आणि एकही दार न उघडता गेले. लाड फार झाले माझे. पण ज्याला हातांसाठी घडवलं त्याला कुणी हातच लावू नये, हे दुःख कुणाला सांगायचं? पुढच्या वर्षी एकोणीस पोती परत आली.

एका दुपारी आपेलू आला. ऑकलंडला मुलाकडे कायमचा निघाला होता. सभागृह रिकामं होतं. त्याने पडदा बाजूला केला आणि माझं एक दार उघडलं. स्वतःचंच. बुरशी पाहून मान हलवली. जाता जाता शेजारचं उघडलं, तोमासीचं. तिथेही बुरशी. मग तो खालच्या रांगेतली दारं भराभर उघडत सुटला. सातही झाल्यावर त्याने वरचं एक उघडलं. बिया खणखणीत.

वालासी फुलं घेऊन आली ती तिथेच थबकली.

"हे तुला ठाऊक होतं?" त्याने विचारलं.

"हो, काका."

"मग बोलली का नाहीस गं?"

"मला वाटलं, कुणीतरी उघडेल."

आपेलू म्हणाला, "बायको गेली तेव्हापासून मला वाटायचं, खरंच आपल्या हातून काही नीट होत नाही." एवढं बोलून तो बोटीकडे चालू लागला. दारं त्याने उघडीच ठेवली.

वालासीनेही ती लावली नाहीत. पुढच्या सभेत ती लेसांसमोर बसली आणि रडत रडत, पण मोठ्याने बोलली. "मामा, छप्पर आखूड आहे. आपेलूकाकांचा काही दोष नव्हता." या वेळी मालिए कुणी म्हटलं नाही. लेसा उठले, माझ्यापाशी आले, वाकून वाकून सातही दारांत त्यांनी पाहिलं. तोमासीला मान वर करवेना. महिन्याभरात छप्पर वाढवलं.

लेसांनी ऑकलंडला आपेलूला फोन करून चूक कबूल केली आणि परत या म्हणून गळ घातली. आपेलू म्हणाला, "नको. तिथे लोक मला बघून हसायचे. इथे मला कुणी ओळखत नाही, तेच बरं आहे."

आता वालासी वाचून दाखवतच नाही. मूठभर बिया या हातातून त्या हातात फिरवते आणि विचारते, "सांगा, काय दिसतं?" माणसं तावातावाने भांडतात, वास घेतात, फोडून बघतात. तिला माझी गरज उरली नाही, आणि हे चांगलंच झालं. तरी सभा रंगली की माझा जीव तिकडे ओढ घेतो.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना जपा असं तुम्हाला सगळे सांगतात. मी सांगतो, मला एवढं जपू नका. कुणी मनापासून काही तुमच्यापुढे ठेवलं, तर छान म्हणून थांबू नका. उघडा, हाताळा, विचारा. कुणाचं तरी न बोललेलं त्यात अडकलेलं असतं. माझी नऊ दारं आजवर कुणीच उघडलेली नाहीत. त्यांच्या आत चांगल्याच बिया आहेत, दुसरं काही नाही. तरीही कधी इकडे आलात, तर एखादं उघडून बघा.