आधार सुटलेली जीप

मित्रांनो, मी एक जुनी लष्करी जीप आहे. लष्कराचं नाव ऐकून तुम्हाला वाटेल, ही मोठी शूर असणार. पण देवाला स्मरून खरं सांगते, मी जन्माची भित्री आहे.

कारखान्यात माझ्या अंगावर हिरवा रंग चढला तेव्हाच मला धडकी भरली होती. पुढे मी दऱ्याखोऱ्यांतून सैनिक वाहिले, पाण्याची पिंपं वाहिली, जखमी माणसंही वाहिली. सगळे म्हणत, "गाडी असावी तर अशी!" मी मात्र प्रत्येक उतारावर डोळे मिटून घेई. मला माझ्या वजनाचीच भीती वाटे. एवढं लोखंड एकदा सुटलं, तर ते कुणाचं ऐकणार?

मग माझं वय झालं. लिलावात मी विकली गेले आणि एका गोदामामागे कित्येक वर्षं पडून राहिले. उंदरांनी माझ्या गादीत संसार थाटला. भंगारवाला अधूनमधून येऊन माझ्या पत्र्यावर टिचकी मारून जाई. त्या टिचकीने माझा जीव अर्धा होई.

तिथून मला एका गॅरेजवाल्या जोडप्याने आणलं. त्यांना सगळी आळी भाऊ आणि वहिनी म्हणे. आजवर त्यांनी नव्या, लहान मोटारीच दुरुस्त केल्या होत्या. माझ्यासारखी म्हातारी त्यांच्या दारात पहिल्यांदाच आली होती. भाऊंची आई मला पाहून म्हणाली, "एवढं धूड कशाला आणलंत? घरात एक म्हातारी आहे ती पुरत नाही का?"

"तुमच्यासारखीच खणखणीत होईल बघा," वहिनी हसून म्हणाली.

वहिनीचा हात हलका होता. माझा दुसरा गिअर जागेवर ठरत नसे, घातला की टुणकन बाहेर उडी मारी. तिने गिअरबॉक्स उतरवला. आतलं तेल परातीत ओतलं तर त्यात पितळेची चमक तरंगत होती.

"बघितलंत? म्हातारीच्या पोटात दागिने," ती म्हणाली.

"दागिने नव्हेत, आतल्या कड्या झिजल्यात," भाऊ म्हणाले. त्या दोघांनी नव्या कड्या घातल्या, बेअरिंग बदलली, एकेक दाता पुसून पाहिला. इतक्या मायेने मला आजवर कुणी हात लावला नव्हता. गिअरबॉक्स पुन्हा जागी बसला तेव्हा मला वाटलं, आता कशाला भ्यायचं?

पण माझ्या पोटातली एक गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. तुम्हाला आधीच सांगून ठेवते. गिअरबॉक्समागे माझी आणखी एक लोखंडी पेटी आहे. तिच्यातून एक दांडा पुढच्या चाकांकडे जातो आणि एक मागच्या. मोटारींचा हँडब्रेक चाकांना धरतो. माझा त्या पेटीमागच्या दांड्याला धरतो. गिअरची पकडही त्या दांड्यांतूनच चाकांपर्यंत पोचते. दोन्ही दांडे काढले, की हँडब्रेक कितीही ओढा, गिअर कुठलाही टाका, माझी चाकं मोकळी.

पुढचा दांडा सांधे बदलायला आधीच काढला होता. त्या सकाळी भाऊ मागचा काढायला माझ्याखाली शिरले. गॅरेजात जागा नव्हती म्हणून मी अंगणात उभी होते. माझं तोंड घराकडे होतं आणि मागे गल्लीपर्यंत उतार होता. मागच्या चाकाखाली लाकडाचा ठोकळा होता. भाऊ आडवे पडले होते, पाय माझ्या एका बाजूच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधून बाहेर आलेले.

"बोल्ट निघाले, पण दांडा चिकटलाय," ते खालून ओरडले. "ठोकायला एखादं लाकूड दे गं!"

वहिनीने इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या चाकाखालचा ठोकळाच उपसला.

"अगं, तो चाकाचा ना?"

"हँडब्रेक ओढलाय, गिअरही टाकलाय. ही कुठे पळून जातेय माहेरी?"

भाऊ हसले. ठोकळा दांड्याला लावून त्यांनी हातोडा मारला. मित्रांनो, मी मनातल्या मनात ईश्वराचा धावा करत होते. ठोकू नका, भाऊ. बाहेर या. वहिनी, त्यांना बाहेर काढ. पण देवाने मला चाकं दिली, वाचा दिली नाही. आणखी एक घाव बसला. दांडा सुटला आणि त्याबरोबर मीही सुटले.

मी मागे सरकू लागले. माझं पुढचं चाक भाऊंच्या पायांकडे निघालं. वहिनीने उडी मारून आत हात घातला आणि हँडब्रेक खेचला. काही नाही. पुन्हा खेचला. तरी मी सरकतच होते. मग ती सीटवर आदळली आणि तिने पायाचा ब्रेक दाबला. तो चारही चाकांना होता, पण जुना. पहिल्यांदा तो नुसताच खाली गेला.

"पाय घ्या! पाय!" ती किंचाळली आणि पुन्हा दाबला. पुन्हा.

चाकं करकचली आणि मी थांबले. माझ्या टायरखाली भाऊंच्या पँटचा काठ अडकला होता. पाय शाबूत होता.

"ब्रेकवरचा पाय उचलू नकोस," भाऊ खालून म्हणाले. आवाज त्यांचा वाटतच नव्हता. आई पळत आली, तिने बागेच्या कडेच्या विटा उपसून माझ्या चाकांमागे रचल्या. तोवर वहिनीने ब्रेकवरचा पाय हलवला नाही.

"उद्याच्या उद्या भंगारवाला बोलव," आई म्हणाली.

त्या दिवसापासून माझ्याजवळ कुणी फिरकेना. फाटकाशी पावलं वाजली की मला वाटे, आला भंगारवाला. आणि खरं सांगू? आला असता तर मी त्याला दोष दिला नसता.

मग एका सकाळी वहिनी आली. आधी लांबच उभी राहिली. विटा हलवून पाहिल्या, वाकली, बॅटरीच्या उजेडात हँडब्रेकची तार बोटाने चाचपत मागे गेली. "अहो, इकडे या! हिचा हँडब्रेक चाकांना नाहीच!"

भाऊंनी वाकून पाहिलं. "आपण हिला आपल्या गाड्यांसारखीच समजलो."

"हिचा दोष नाही, आई. आम्ही बघितलंच नाही," वहिनी मागून आलेल्या आईला म्हणाली.

"दोष कुणाचाही असो, मला मुलगा एकच आहे," आई म्हणाली.

"म्हणून आज मी शिरते खाली."

"वा! आणि सून काय मला दहा आहेत?" असं म्हणत आईने विटांशेजारीच स्टूल मांडलं आणि ती तिथे बसली.

वहिनी माझ्याखाली आली. तिचा श्वास माझ्या पोटाला लागत होता. मी इतकी घाबरले होते की युद्धातही तशी घाबरले नसेन. तिने मागचा दांडा जागी बसवला, बोल्ट आवळले आणि बाहेर येऊन हँडब्रेक ओढला. मग आईने श्वास रोखून एकेक वीट काढली.

मी जागची हलले नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर माया जरूर करा. पण त्यांच्या अंगाला हात लावण्याआधी खाली वाका आणि त्या कशाच्या आधाराने उभ्या आहेत ते नीट पाहा. आम्हाला तुमची काळजी असते हो, पण ओरडता येत नाही.