येळवशीची पत्रिका

शिवरंजनीच्या वर्गातली झाडून सगळी पोरं एक जूनला जन्मली होती. शाळेत घालायला आणलेल्या पोराचं वय मास्तर नजरेनंच मोजायचे आणि एक जून लिहून मोकळे व्हायचे. त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते एकट्या शिवरंजनीचं, कारण तिच्या वडलांचा, शरणबसप्पांचा, कागदावर फार विश्वास. देवापुढं पैसे टाकले तरी पावती मिळते का बघणारा माणूस.

पोरगी बी.एस्सी. झाली तेव्हा पुढं काय करावं हे विचारायला ते शाळेचा दाखला घेऊन गावच्या जंगमांकडं, शंभुलिंग अय्यांकडं गेले. जळकोटात शरणबसप्पांच्या घरातलं लग्न असो की वास्तुशांत, अय्यांच्या पंचांगाशिवाय पान हलत नसे. अय्यांनी दाखल्यावरची तारीख घेतली, वेळ सूर्योदयाची धरून पत्रिका मांडली आणि सांगितलं, "सरकारी खुर्चीचा योग हाय. इजंपासून आन् यंत्रापासून मात्र पोरीला जपा."

झालं. तेव्हापासून शिवरंजनी तलाठ्याच्या परीक्षा देत होती. पुस्तकं जुनी झाली, बरोबरच्या मैत्रिणींची पोरं बालवाडीत जायला लागली, पण खुर्ची काही हिच्याकडं सरकेना.

अभ्यासिकेच्या वाटेवर, हायवेला लागून मल्हारकाकांचं मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती इथं आणून टाकायचे. काका जळकी तार उपसून नवी तांब्याची तार भरून द्यायचे. शिवरंजनी आधी नुसती उभी राहून बघायची. मग तार धरायला बसली. मग एक दिवस काकांनी अख्खी मोटारच तिच्या पुढ्यात सरकवली. मेलेली मोटार आपल्या हातानं पुन्हा गुरगुरली तेव्हा तिला इतका आनंद झाला की घरी जाईपर्यंत ती एकटीच हसत होती. घरी मात्र चकार शब्द काढला नाही.

आता काकांचे हात थरथरायला लागले होते. "येळवशीचा सण झाला की म्या पोराकडं पुण्याला चाललो," ते म्हणाले. "दुकान तूच सांभाळ. न्हाय म्हणलीस तर मोबाईलवाला टपूनच बसलाय."

तिनं धीर करून वडलांना विचारलं. शरणबसप्पांनी भिंतीवरच्या देवाकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं नाही. "पत्रिकेत इजंचं भय हाय. त्या दुकानाचं नाव काढायचं न्हाय," म्हणाले आणि उठून गेले.

येळवस, मार्गशीर्षातली वेळा अमावस्या, आली. सगळं गाव रानात गेलं. शरणबसप्पांच्या शेतातही कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभी राहिली, पांडवांची पूजा झाली, शेंगा-भाज्यांच्या भज्जीच्या पातेल्याभोवती पंगत बसली. शिवरंजनी मुकाट्यानं आंबील पीत होती. आळंदहून आलेली इरम्मा आत्या तिचा तांब्या दुसऱ्यांदा भरत म्हणाली, "हिला आंबिलीचा नाद असणारच. हितंच जन्मली की. येळवशीची पंगत बसलेली, आन् हिची आई, आमची शिवम्मा वैनी, आंबील वाढता वाढताच खाली बसली."

शिवरंजनीचा तांब्या ओठाशीच थांबला. आपण येळवशीच्या, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. पण येळवस थंडीत येते आणि जून उन्हाळा सरताना, हे दोन्ही शेजारी ठेवून तिनं कधी बघितलं नव्हतं.

"आप्पा, अय्यांना तुमी कुठली तारीख दिल्ती?"

"दाखल्यावरची."

"आन् माझी कुठली?"

शरणबसप्पांनी हातातली भाकरी खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "दाखल्यावर शिक्का हुता."

आत्या म्हणाली, "मग वर्गातली सगळीच पोरं तलाठी व्हाया पायजेत की रे." पंगत हसली, पण शरणबसप्पा जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते लेकीला आणि बहिणीला घेऊन अय्यांच्या दारात. अय्यांनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला आणि जन्मवेळ विचारली.

"आंबील वाढत हुते," आत्या म्हणाली.

"आंबील दुपारभर वाढत्यात, इरम्मा. तेवढ्यात लग्नरास बदलती." अय्यांनी कोरा कागद पुढं ओढला. "वेळ ठाऊक नसली की आमी उलटं जातो. माणूस कसं जगलं ते बघायचं आन् त्यावरनं वेळ काढायची. सांगा, ही पोरगी न सांगता काय करायची?"

शिवरंजनी तोंड उघडणार तोच अय्यांनी हात वर केला. "तू न्हाय. बापानं सांगायचं."

आजवर पत्रिका बघून तिचं आयुष्य ठरत होतं. आज तिचं आयुष्य बघून पत्रिका ठरणार होती, आणि ते सगळं आप्पांच्या जिभेवर होतं.

"अभ्यास..." शरणबसप्पांनी सुरुवात केली आणि थांबले. गळ्यातलं लिंग हातात धरून अय्यांपुढं खोटं बोलणं त्यांना जमणारं नव्हतं. "तिसरीत असताना इस्त्री उघडली हुती. म्या मारलं."

"मग?"

"मग चालाया लागली इस्त्री." ते जरा सावरून बसले. "शेजाऱ्यांचा मिक्सर. देवळातला पंखा. गेल्या उन्हाळ्यात आमची हिरीवरची मोटार जळाली, ती मल्हारकडं..."

"ती म्या भरली हुती, आप्पा."

"ठाऊक हाय मला. मल्हारनं सांगितलं हुतं." त्यांनी लेकीकडं बघितलं. "त्या पाण्यावर ऊस वाचला."

"मग बोलला का न्हाय?"

"पत्रिकेत भय लिव्हलं हुतं. तुला काय झालं असतं तर म्या काय केलं असतं, पोरी?"

शिवरंजनीला रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं. इतकी वर्षं ती ज्याला हट्ट समजत होती ती नुसती भीती होती.

अय्यांनी शांतपणे रेघा ओढल्या. "एका लग्नराशीला मंगळ नवव्या घरात पडतोय, दुसऱ्याला दहाव्या. दहावं घर कामाचं. मंगळ म्हंजी लोखंड आन् आग. तुमी सांगितलं ते दहाव्यालाच जुळतंय. पोरगी दुसऱ्या वाढपाला जन्मली."

"आन् भय?" शरणबसप्पांनी विचारलं.

"भय सगळ्यांनाच असतंय. रबरी हातमोजे घालाया सांगा."

मल्हारकाकांनी पुण्याला जाण्याआधी किल्ली तिच्या हातावर ठेवली. पाटी शरणबसप्पांनी स्वतः नळदुर्गहून रंगवून आणली: 'शिवरंजनी मोटार रिवायंडिंग'. बरोबर एक गुबगुबीत, फिरती खुर्चीही आणली. "अय्यांनी खुर्ची सांगितली हुती," म्हणाले, "अगदीच वाया कशाला घालवायची?"

पण मोटारी भरायचं काम जमिनीवर मांडी घालूनच करावं लागतं. दारात मोटारींची रांग लागली, हंगामभर शिवरंजनीला मान वर करायला फुरसत मिळाली नाही, आणि तिला ती नकोही होती. शरणबसप्पा मात्र रोज सकाळी येऊन खुर्चीत बसतात. येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, "लेकीच्या पत्रिकेतच हाय. दशमात मंगळ." तो मंगळ तिथं आप्पांच्याच साक्षीनं बसला हे बापलेक दोघांनाही माहीत आहे, म्हणून शिवरंजनी नुसती हसून घेते. ती बटण दाबते, मोटार गुरगुरते, आणि खुर्चीतले आप्पा आनंदानं एक गिरकी घेतात. खुर्चीचा योग होताच घरात, फक्त तो बापाचा निघाला.